पाळणाघरात तान्हं बाळ कसं सांभाळावं

तान्ह्या बाळांसाठी पाळणाघर सुरू करताना बहुतेकांचा पहिला खर्च खेळण्यांवर होतो. बाळाला त्यातलं फारसं काही लागत नाही. दूध पाजताना, लंगोट बदलताना रोज तोच चेहरा समोर यावा, हे मात्र लागतं. म्हणून सुरुवात माणसापासून करा.

बाळ यायच्या आधीच त्याला सांभाळणारी ताई ठरवा. एका ताईकडे तीन, फार तर चार तान्ही बाळं. त्याहून जास्त नकोत. तिच्या रजेच्या दिवशी येणारी दुसरीही बाळाच्या ओळखीची हवी. पहिले काही दिवस आईने किंवा बाबांनी सोबत बसावं आणि हळूहळू वेळ कमी करावा. निघताना गुपचूप सटकू नये, सांगून जावं, बाळ रडलं तरी. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास चांगलं रुळलेलं बाळही पुन्हा भोकाड पसरतं. तो हट्ट नव्हे. दिसेनासं झालेलं माणूस कुठेतरी आहे, एवढं त्याला आता कळू लागलेलं असतं.

आता लंगोट. हे काम उरकायचं नसतं. हंगेरीच्या बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांनी १९४६ साली बुडापेस्टमध्ये निराधार बाळांसाठी एक गृह सुरू केलं. बाळाला काहीही करण्याआधी ते त्याला सांगायचं, अशी तिथली रीत होती. तसंच करा. पुसायचं, घालायचं सगळं आधी हाताशी ठेवा. एक हात कायम बाळावर. ‘आता पाय उचलूया’ म्हणा आणि क्षणभर थांबा. सुरुवातीला वेड्यासारखं वाटतं, पण काही महिन्यांनी तेच बाळ आपणहून पाय वर करतं. पुसताना पुढून मागे. शेवटी दोघांचेही हात साबणाने धुवा, तुमचे निदान वीस सेकंद.

दुधाच्या बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहा. आईचं ताजं काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. बाळाने उष्टं केलेलं मात्र दोन तासांत संपवा, नाहीतर टाकून द्या. गरम करायला कोमट पाण्यात बाटली धरा. मायक्रोवेव्हमध्ये दूध सारखं तापत नाही, मधेच चटका देणारं राहतं. बाळ मुठी चोखू लागलं की भूक लागली समजा, रडेपर्यंत थांबू नका. तोंड फिरवलं की पुरे. वर्षाच्या आत मध अजिबात नको, बोटभरसुद्धा.

झोपवायचं ते उताणंच, कडक सपाट गादीवर. उशी, सैल पांघरूण, मऊ खेळणी काहीही नको. घरी उताणं झोपायची सवय असलेल्या बाळाला इथे पालथं झोपवलं, तर अचानक मृत्यूचा धोका आणखी वाढतो. म्हणून ‘पालथं छान झोपतं’ हे कुणाचंही ऐकू नका. पालथं ठेवायचं ते जागेपणी, जमिनीवर, तुम्ही समोर असताना.

खेळ म्हणाल तर, बाळाने ‘आ’ केलं की तुम्हीही ‘आ’ करा आणि त्याच्या उत्तराची वाट पाहा.

दूध, झोप, शी-शू यांची नोंद वहीत लिहून संध्याकाळी घरच्यांना दाखवा. एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारून ठेवा: बाळाने पहिलं पाऊल इथे टाकलं, तर ते आमच्याकडून ऐकायला आवडेल, की घरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय?