इंग्रजी शब्दांची वही: अक्षरसंख्या आणि शेवटचे अक्षर यांवरून शब्द कसे लावावेत

इंग्रजी शब्दांच्या याद्या बहुधा पहिल्या अक्षरानुसार लावलेल्या असतात. कोशात शब्द शोधायला ती मांडणी सोयीची असली, तरी स्पेलिंग पक्के करायला तिचा उपयोग थोडाच होतो, कारण इंग्रजी शब्दाचे रूप बहुतेक वेळा शेवटाकडून बदलते. मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटायला नको. आपले व्याकरण नामांना आकारान्त, ईकारान्त, ऊकारान्त अशा गटांत बसवते ते शेवटच्या स्वरावरूनच, आणि 'घोडा'चे 'घोड्याला' व 'माळी'चे 'माळ्याला' होते तेही त्याच स्वरामुळे. इंग्रजीतही जॉन वॉकर यांनी १७७५ मध्ये शब्दांच्या अंत्य अक्षरांनुसार लावलेला कोश प्रसिद्ध केला होता आणि यमके शोधणाऱ्यांनी तो पुढे दीर्घकाळ वापरला.

लालबागमधल्या एका चाळीत मी संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांचे इंग्रजी घेतो. तिथे आम्ही जी वही करतो तिची रीत येथे सांगतो. लांब वहीची समोरासमोरची दोन पाने एकत्र धरून त्यांवर एकच तक्ता आखावा. वरच्या बाजूला उभ्या रकान्यांवर २ ते ७ हे आकडे घालावेत आणि शेवटचा रकाना त्याहून लांब शब्दांसाठी ठेवावा. डाव्या कडेला शेवटचे अक्षर लिहावे. सव्वीसच्या सव्वीस अक्षरे पहिल्याच दिवशी मांडण्याचा मोह टाळावा. ई, के, एल, एस, टी, व्ही आणि वाय या सात ओळींनी सुरुवात केली तरी महिनाभराचे काम होते. शब्द छापील यादीतून उतरवू नयेत. दुकानांच्या पाट्या, स्थानकावरचे फलक, घरातल्या डब्यांवरची वेष्टने यांवर नजरेस पडलेला शब्दच वहीत यावा, कारण जिथे तो पाहिला ती जागाही त्याच्याबरोबर लक्षात राहते.

मोजायची ती लिहिलेली अक्षरे, कानाला येणारा आवाज नव्हे, ही सूचना पहिल्या आठवड्यात रोज द्यावी लागते. 'ब्रिज' हा शब्द नवी मुले हमखास जे-च्या ओळीत घालायला जातात. तो बी-आर-आय-डी-जी-ई असा सहा अक्षरांचा असून ई-च्या ओळीत बसतो. जे-ची ओळ इंग्रजीत जवळजवळ रिकामीच राहते आणि तिथे 'राज'सारखे आपल्याकडून गेलेले शब्दच सापडतात, हे एकदा वहीतच दिसले की ती चूक पुन्हा सहसा होत नाही.

एस-ची ओळ भरताना एका मुलीने तीनच्या रकान्यात 'बस' आणि चारच्या रकान्यात 'पास' लिहिले आणि विचारले की बसला एक एस आणि बसच्याच पासला दोन, असे का? या पद्धतीतून मिळणारे सर्वांत चांगले फळ म्हणजे असा प्रश्न. एका स्वराच्या लहान शब्दाच्या शेवटी एफ, एल किंवा एस आला की तो बहुधा दुहेरी लिहितात: ऑफ, बेल, क्लास, आणि आमच्या गिरणगावातली 'मिल'. त्याच 'मिल'पुढे के जोडून 'मिल्क' केले की एल एकटा उरतो, कारण आता तो शेवटी नाही. 'बस' मात्र 'ऑम्निबस' या लांब शब्दाची तुटलेली शेपटी आहे, म्हणून तिचा एस एकटाच राहिला. 'गॅस' हा शब्द सतराव्या शतकात व्हान हेल्माँट या फ्लेमिश शास्त्रज्ञाने घडवला, आणि त्यालाही एकच एस आहे. असे अपवाद वहीत लाल शाईने लिहावेत आणि कारण ठाऊक असेल तर तेही शेजारी नोंदवावे.

यापुढचे काम म्हणजे शब्दाला 'इंग' जोडून पाहणे, आणि माझ्या मते सगळ्या वहीत यावरच सर्वांत जास्त वेळ द्यावा. मुंबईत राहणाऱ्याला त्यासाठी उदाहरणे शोधत हिंडावे लागत नाही. टपरीवरचे कटिंग, रविवारचे शॉपिंग, गल्लीतले पार्किंग, गावच्या गाडीचे बुकिंग आणि ड्रायव्हिंग हे पाच शब्द एकाखाली एक मांडावेत. 'कट' आणि 'शॉप' यांच्या शेवटी एकच व्यंजन आहे आणि त्याआधी एकच स्वर आहे, म्हणून शेवटचे अक्षर दुप्पट होते: सी-यू-टी-टी-आय-एन-जी, एस-एच-ओ-पी-पी-आय-एन-जी. 'पार्क'मध्ये आर आणि के अशी दोन व्यंजने आहेत, तर 'बुक'मध्ये दोन ओ आहेत, म्हणून तिथे काहीच वाढत नाही. 'ड्राइव्ह'चा शेवटचा ई गळतो. डब्ल्यू, एक्स आणि वाय ही अक्षरे कधी दुप्पट होत नाहीत. 'बॉक्सिंग'मध्ये एक्स एकच असतो. तीन-चार अक्षरांच्या रकान्यांत हा नियम बहुधा सुखाने चालतो, पण पाचाच्या रकान्यापासून दोन उच्चारखंडांचे शब्द वाढू लागतात आणि तिथे जोर कुठे पडतो तेही पाहावे लागते. 'बिगिन'चा जोर शेवटी आहे, म्हणून 'बिगिनिंग'ला दोन एन लागतात. 'व्हिजिट'चा जोर आधी आहे, म्हणून 'व्हिजिटिंग'ला एकच टी पुरतो.

लांबी आणि शेवट यांचे नाते के-च्या ओळीतही स्पष्ट दिसते. ब्लॉक, ट्रॅक, लॉक या लहान शब्दांत एकट्या ऱ्हस्व स्वरानंतर सी-के येतो, तर 'बँक' आणि 'बुक' यांना नुसता के पुरतो. पब्लिक, ट्रॅफिक, प्लॅस्टिक अशा लांब शब्दांच्या शेवटी बहुधा नुसता सी असतो, म्हणून ते वेगळ्या ओळीत जातात. मेगाब्लॉकचा फलक वाचताना 'ब्लॉक'चा के आठवला, तर 'ट्रॅफिक'च्या शेवटी के लावण्याची चूक आपोआप टळते.

व्ही-ची ओळ आखावी आणि मुद्दाम मोकळी ठेवावी. 'गिव्ह', 'हॅव', 'फाइव्ह', 'लव्ह' या सर्वांच्या शेवटी ई आहे, कारण नेहमीचा इंग्रजी शब्द व्ही-वर संपू दिला जात नाही. पूर्वी यू आणि व्ही ही वेगळी अक्षरे मानली जात नसत, त्यामुळे पुढचा ई पाहून ते व्यंजन आहे हे वाचणाऱ्याला कळे. आय-ची ओळही लहानच राहते. तिच्यात 'टॅक्सी', 'खाकी' असे तुटलेले किंवा बाहेरून आलेले शब्द असतात.

दोन अक्षरांच्या रकान्यात इन, ऑन, टू, बी असे जोडकाम करणारे शब्दच बहुतेक येतात. तोच उच्चार असलेल्या नामाला किंवा अंकाला मात्र तिसरे अक्षर दिलेले असते: खानावळीची 'इन' आय-एन-एन, मधमाशी बी-ई-ई, आणि दोन हा आकडा टी-डब्ल्यू-ओ. 'एग', 'अ‍ॅड' आणि 'ऑड' यांची शेवटची दुहेरी अक्षरेही यातूनच उमगतात. 'गो' आणि 'ऑक्स' लाल शाईत लिहावेत. वाय-च्या ओळीत फक्त आधीचे अक्षर तपासावे: 'फेरी'तला वाय व्यंजनानंतर आहे, म्हणून अनेकवचनात त्याचा आय-ई-एस होतो; 'की' आणि 'चटणी' यांच्यात वाय-आधी ई हा स्वर आहे, म्हणून नुसता एस लागतो.

उजळणीसाठी भेंड्यांसारखा दुसरा खेळ नाही. एकाने शब्द सांगून त्याचे स्पेलिंग म्हणावे आणि पुढच्याने लिहिलेल्या शेवटच्या अक्षराने सुरू होणारा, ठरवलेल्या लांबीचा शब्द द्यावा. 'ट्रेन'नंतर 'नोट' आली की कानावर विसंबणारा मुलगा 'टेबल' म्हणून बसतो, पण तिथे ई-ने सुरू होणारा शब्द हवा असतो आणि वही नीट भरलेली मुलगी 'एग' सांगून गुण घेते. ई-वर संपणारे शब्द फार असल्याने प्रत्येकाला एका डावात असे तीनच शब्द द्यावेत. एक्स-ने सुरू होणारे शब्द मुलांना फारसे ठाऊक नसतात, म्हणून 'बॉक्स' किंवा 'टॅक्स' सांगून समोरच्याला अडवता येणार नाही, हे खेळापूर्वीच ठरवून घ्यावे.