गेटला टाळं लागायच्या आधी

पगार लांबायला लागला, पुरवठादार रोख मागू लागले आणि फायनान्सचे साहेब एकेक करून राजीनामे देऊ लागले, की कागद गोळा करायला घ्या. टाळं लागल्यावर एचआरमध्ये फोन उचलायला कोणी नसतं आणि पगाराचं पोर्टलही बंद पडतं. नेमणूकपत्र, कायम केल्याचं पत्र, वेतनकराराच्या प्रती, बँकेचं स्टेटमेंट आणि किमान तीन वर्षांच्या पगारपावत्या घरी असू द्या.

लिक्विडेशनमध्ये, म्हणजे कंपनी मोडीत काढून मालमत्ता विकून देणी भागवताना, कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची थकबाकी तारण सोडून देणाऱ्या बँकांच्या बरोबरीने धरली जाते. इतर कर्मचाऱ्यांची फक्त १२ महिन्यांची, तीही त्यांच्यामागून. गोम इथेच आहे. हातात पाना घेऊन राबणाऱ्याच्या पत्रावर ‘ज्युनियर एक्झिक्युटिव्ह’ लिहिलेलं सर्रास दिसतं. हुद्दा काहीही असो, तुम्ही काम काय करता ते महत्त्वाचं. म्हणून शिफ्टचे तक्ते आणि ओव्हरटाइमच्या नोंदी जपा.

मग पीएफ. पासबुक उघडा आणि पावतीतली कपात महिन्यागणिक ताडून पाहा. कपात झाली पण जमा नाही असा एक महिना जरी सापडला, तरी ईपीएफओकडे, म्हणजे पीएफच्या सरकारी कार्यालयाकडे, लेखी तक्रार करा, पोच ठेवा. पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडातली कामगारांची रक्कम दिवाळखोरी कायद्याच्या कलम ३६ नुसार लिक्विडेशनच्या मालमत्तेत येत नाही. पण ग्रॅच्युइटीचा वेगळा ट्रस्ट किंवा एलआयसीची ग्रुप पॉलिसी खरंच आहे का, हे युनियनने लेखी विचारून घ्यावं. फंडच उभारला नसेल तर संरक्षण नेमकं कशाला मिळणार, यावर वाद झालेले आहेत.

एनसीएलटीने, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, प्रकरण दाखल करून घेतलं की एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात जाहीर नोटीस येते. त्यात दाव्याची शेवटची तारीख असते, हातात साधारण दोन आठवडे. कामगार ‘फॉर्म डी’ भरतो. सगळ्यांच्या वतीने प्रतिनिधी ‘फॉर्म ई’ भरू शकतो. पगार, रजेचे पैसे, पीएफ, ग्रॅच्युइटी वेगवेगळ्या ओळींत मांडा, सगळ्याचा मिळून एकच ढोबळ आकडा नको.

घरखर्चाची तरतूद महिन्यांची नाही, वर्षांची धरा. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली, जूनमध्ये प्रकरण मुंबईच्या एनसीएलटीत दाखल झालं. पीएफ-ग्रॅच्युइटीसाठी कर्मचारी लढले; २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला. पुढे खरेदीदाराने कंपनी पुन्हा उभी करण्याची योजना पार पाडलीच नाही, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला कंपनी लिक्विडेशनमध्ये काढण्याचा आदेश झाला.

साहेबांच्या पगाराचंही बघून ठेवा. लिस्टेड कंपनीला प्रत्येक संचालकाचा पगार कर्मचाऱ्यांच्या मध्यम पगाराच्या (सगळे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या) किती पट आहे ते दरवर्षी जाहीर करावं लागतं. जुने अहवाल वेबसाइटवर आहेत तोवर उतरवून घ्या. दिवाळखोरीआधीच्या दोन वर्षांत संचालकांना किंवा त्यांच्या संबंधितांना नेहमीच्या व्यवहाराबाहेर, इतर घेणेकऱ्यांना डावलून पैसे गेले असतील, तर दिवाळखोरी कायद्याच्या कलम ४३ खाली ते परत मागता येतात. अर्ज रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणजे दिवाळखोरीच्या काळात कंपनीचा कारभार पाहणारा नेमलेला माणूस, करतो. युनियनने पान नंबरासकट पत्र त्याच्या टेबलावर ठेवावं.

कंपनीचं पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या कर्जदात्यांच्या समितीत कामगारांना मत नसतं. बँकांशिवायच्या घेणेकऱ्यांची एकूण बाकी कर्जाच्या १० टक्के भरली तरच त्यांच्या प्रतिनिधीला बसायला मिळतं. तिथे पाठवायला ताळेबंद वाचता येणारा माणूस आत्ताच शोधा, भाषण करणारा नको.