बाल्कनीतल्या कंपोस्टला वास आणि अळ्या: माझा अनुभव

फेब्रुवारीत ठरवलं, ३० दिवस ओला कचरा घराबाहेर जाणार नाही. नवव्या दिवशी बादलीत आंबूस वास, तळाशी काळं पाणी, वर अळ्या. चुना टाकला, झाकण घट्ट केलं, वास वाढलाच. शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं तेव्हा सोडूनच देणार होतो.

मुळात ओल जास्त, हवा कमी. आधी सगळं पसरून अर्धा दिवस सुकवलं. बादलीला तळाशी, बाजूंना भोकं पाडली, खाली विटा ठेवल्या. तळाला चार बोटं सुका पाला. मग रोज वाटीभर चिरलेल्या सालींवर दोन वाट्या चुरलेला पाला (सोसायटीच्या झाडलोटीतला, फुकट), आठवड्यातून दोनदा तळापासून ढवळणं. मिश्रण मुठीत दाबल्यावर थेंब गळला की आणखी पाला. शिळी आमटी बंद. चौथ्या दिवशी वास गेला. अळ्यांना आठवडा लागला.