विज्ञानकथा लिहिण्याआधी हिशेब मांडा: कोयनाकाठच्या एका ‘समजा’ची गोष्ट

वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा आणि ते ‘समजा’ने सुरू करा. ‘समजा, कोयना परिसरातला मोठा भूकंप सहा दिवस आधी कळू लागला.’ बस्स. या वाक्यात आजच्या जगापेक्षा वेगळी अशी एकच गोष्ट आहे. पहिल्या आठ-दहा कथा होईपर्यंत हा नियम मोडू नका. भूकंपाचं भाकीत, बोलणारा यंत्रमानव आणि परग्रहावरचा पाहुणा असे तिघे एकाच कथेत शिरले की वाचकाचं लक्ष उडतं, कारण काहीही घडू शकतं म्हटल्यावर कशाचीच धास्ती उरत नाही.

विषयासाठी सातारा-सांगलीच्या माणसाने मंगळावर जायलाच हवं असं नाही. कोयनेचं धरण आहे, वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या आहेत, माण-आटपाडीचा दुष्काळ आहे, टेंभू-म्हैसाळच्या उपसा योजना आहेत, हळद साठवायची हरिपूरची जमिनीतली पेवं आहेत. इथली माती, इथलं पाणी तुम्हाला ठाऊक आहे. लेखकाची ही फार मोठी कमाई असते, ती वाया घालवू नका.

आता दुसरं पान उभं दुमडा. डाव्या बाजूला फक्त खरं लिहायचं, उजवीकडे तुम्ही कल्पिलेलं. आपल्या उदाहरणात डावीकडे येईल: ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, धरणाच्या पाण्यामुळे चेतवल्या जाणाऱ्या भूकंपांसाठी जगभर अभ्यासला जाणारा हा भाग, तिथे त्या अभ्यासासाठी जमिनीत ३ किलोमीटर खोल घेतलेलं छिद्र, धरणाची १०५.२५ टीएमसी क्षमता. आणि भूकंपाची तारीख-वेळ आज कुणालाही आधी सांगता येत नाही, ही वस्तुस्थिती. उजवीकडे एकच नोंद: सहा दिवसांची पूर्वसूचना. उजवा रकाना वाढायला लागला तर थांबा, कथा हातातून सुटायला लागली आहे.

हिशेबातूनच कथानक निघतं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक हौशी कथा इथेच कच्च्या राहतात. डिसेंबरात सूचना मिळाली, मग माणसं काय करतील? धरण रिकामं करा म्हणतील. कथेत लिहिलं जातं, ‘रातोरात धरण रिकामं केलं.’ आता आकडे मांडू.

१ टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे दिवसात १ टीएमसी सोडायचं तर साधारण ११,५७४ क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालू ठेवावा लागतो. १ लाख क्युसेक धरले तर दिवसाला ८.६४ टीएमसी. सहा दिवसांत ५१.८४. म्हणजे एवढा प्रचंड विसर्ग सलग सहा दिवस केला तरी भरलेलं धरण जेमतेम निम्मं होतं.

तेही होत नाही. सांडवा म्हणजे धरणातलं जादा पाणी सोडायची वाट. त्याच्या वक्राकार दरवाज्यांतून फक्त सांडव्याच्या माथ्यावरचं पाणी सुटतं. पातळी उतरत गेली की विसर्गही घटतो, आणि माथ्याखालचं पाणी दरवाजे सताड उघडले तरी हलत नाही. वीज बनवून पाणी पश्चिमेला वाशिष्ठीकडे जातं, पण वीजनिर्मितीचा वेग मर्यादित. म्हणजे धरण रिकामं करण्याचा मार्ग बंद. थोडं उतरवणं एवढंच हातात.

आणि खाली? पाटण आहे, कराडला कोयना कृष्णेला मिळते, पुढे सांगली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ते ज्यांच्या घरात शिरलं त्यांना सांगायला नको. भूकंपाच्या भीतीने पाणी सोडलं तर ऐन हिवाळ्यात पूर. न सोडलं आणि भूकंप झाला तर? सोडलं आणि भूकंप झालाच नाही तर? शिवाय जलाशयाची पातळी झपाट्याने बदलणं आणि भूकंप यांचा संबंध अभ्यासक तपासत आले आहेत. म्हणजे पाणी घाईने उतरवणं हेच निमित्त ठरलं तर?

बघा, कथानक बसल्याबसल्या तयार झालं, आणि ते गुणाकार-भागाकारातून आलं. हिशेब चुकला असता तर ‘धरण रिकामं केलं, सगळे वाचले’ एवढंच हाती लागलं असतं.

आकडा कुठे अडला तर अंदाजाने ठोकू नका. कोयनेतून सुटलेलं पाणी सांगलीला किती तासांनी चढतं, हे पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस हमखास सांगतो. नदीकाठचा म्हातारा शेतकरीही सांगतो, आणि त्याच्या बोलण्यात कथेला उपयोगी असे चार शब्द जास्तीचे मिळतात.

काही चुका पुन्हा पुन्हा दिसतात. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नाही, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. ‘दहा प्रकाशवर्षांपूर्वी’ असं वाक्य आलं की जाणकार वाचक पुस्तक मिटतो. मंगळावरच्या माणसाशी फोनवर गप्पा मारता येत नाहीत, कारण संदेश एका बाजूने जायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. निर्वात अवकाशात स्फोटाचा आवाज ऐकू येत नाही. रिश्टर हे यंत्र नाही, मोजपट्टी आहे, आणि तिच्यावर एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणून ‘पाचचा झाला, मग सहाचा, थोडा मोठा’ असं लिहू नये.

विज्ञान सांगायचं कुणी?

कथेत शास्त्रज्ञ असायलाच हवा असा समज आहे. नसला तरी चालतं. ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान होणार आहे आणि ज्याला काहीतरी ठरवावं लागणार आहे, त्याच्या डोळ्यांनी कथा लिहा. दरवाज्यांवर ड्युटी असलेला कर्मचारी घ्या, ज्याचं घर खाली नदीकाठी आहे.

दोन अभियंते एकमेकांना ‘सर, आपल्याला माहीतच आहे की जलाशयाचा भार आणि खडकांत झिरपणारं पाणी यांमुळे…’ असं कधीच सांगत नाहीत. दोघांनाही ते माहीत असतं. हे वाक्य वाचकासाठी घातलेलं आहे, हे वाचकाला लगेच कळतं. त्याऐवजी पुतण्या पाटणच्या गोठ्यात येतो:

‘आबा, म्हशी सोडून वर न्या.’

‘पाऊस न्हाय, काय न्हाय, आन् म्हशी कशापायी सोडू?’

‘दरवाजे उघडणारेत.’

‘डिसेंबरात?’

त्या शेवटच्या एका शब्दात वाचकाला सगळं कळतं. बोलीभाषा संवादात ठेवा, निवेदन प्रमाण भाषेत. आणि आबा पहिल्या पानावर ‘न्हाय’ म्हणत असतील तर दहाव्या पानावर ‘नाही’ म्हणणार नाहीत, याकडे लक्ष द्या.

तपशील कसा निवडावा यासाठी हळदीचं पेव बघण्यासारखं आहे. जमिनीत खोदलेलं, तोंड अरुंद, पोट मोठं. तोंड बंद केलं की आतला ऑक्सिजन संपत जातो, म्हणून हळदीला कीड लागत नाही. आणि त्याच कारणाने पेव उघडल्यावर लगेच माणूस आत उतरत नाही. आधी हवा खेळू देतात, पेटता कंदील खाली सोडून बघतात. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, तो साधारण १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. तुमच्या कथेतली वस्ती चंद्रावरच्या बोगद्यात असली आणि तिथे हवा बिघडत असली, तर पडद्यावर लाल अक्षरं झळकवण्याऐवजी असा एखादा कंदील शोधा: हाताने धरता येणारी आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर विझणारी वस्तू.

इतरांच्या विज्ञानकथा वाचताना प्रत्येक कथा दोनदा वाचा. पहिल्यांदा नुसती मजेत. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन तीन ठिकाणी खूण करा: ‘समजा’ कुठे कळलं, विज्ञान कुणाच्या तोंडून आलं, माणसाने काय गमावलं. ‘समजा’ तिसऱ्या पानापर्यंत कळलं नसेल तर का, ते समासात लिहा. वाचनालयाची प्रत असेल तर अर्थातच वेगळ्या कागदावर.

पहिला खर्डा साधारण २,५०० ते ३,००० शब्दांचा ठेवा आणि आठवडाभर बाजूला ठेवून द्या. मग दोघांना वाचायला द्या. एक विषय जाणणारा, दुसरा अजिबात न जाणणारा. पहिला चुका सांगेल, दुसरा कुठे कंटाळला ते सांगेल. दुसऱ्याचं ऐकणं जास्त गरजेचं. शक्य असेल तर नाव काढून द्या, ओळखीचा भिडस्तपणा आड येत नाही. जयंत नारळीकरांनीही १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती.

दिवाळी अंकासाठी कथा पाठवायची तर गणपतीची वाट बघू नका, जून-जुलैपर्यंत पाठवा. युनिकोडमध्ये टाइप करा, पानांना क्रमांक द्या, शब्दसंख्या वर लिहा. कुठे आणि कोणत्या तारखेला पाठवली ते त्याच वहीत टिपून ठेवा, आणि उत्तर येईपर्यंत तीच कथा दुसऱ्या अंकाला देऊ नका.