रोगट पिकाचा नमुना लॅबला पाठवताना या चुका टाळा

कोरेगाव भागात पावसाळ्यात आल्याचा प्लॉट पिवळा पडू लागला की पहिली धाव असते कृषी सेवा केंद्राकडे. आळवणी (मुळाशी औषधाचं पाणी ओतणं) होते, आठवड्याने दुसरी होते, त्यात दोन औषधं एकत्र केली जातात. गड्डे सडायचे थांबत नाहीत, तेव्हा कुठे नमुना लॅबला जातो. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बुरशीनाशकाने रोग करणारी बुरशी दबलेली असते, ती लॅबमधल्या वाढवणीत उगवत नाही आणि अहवाल येतो, 'रोगकारक आढळला नाही'. नमुना आळवणीच्या आधी काढायचा. औषध पडलंच असेल तर नाव आणि तारीख चिठ्ठीवर लिहायची, लपवायची नाही.

दुसरी चूक म्हणजे पूर्ण मेलेलं झाड उपटून पाठवणं. मेलेल्या भागावर कुजवणाऱ्या बुरश्या लगेच चढतात आणि खरं कारण त्यांच्याखाली झाकलं जातं. नुकतंच पिवळं पडू लागलेलं झाड निवडा, मुळं, गड्डा आणि भोवतीची माती यांच्यासकट खणून काढा. पानावर डाग असतील तर डागाची कड आणि शेजारचा हिरवा भाग दोन्ही यायला हवेत, कारण रोगकारक त्या कडेलाच जिवंत सापडतो. सोबत एक निरोगी झाडही द्या.

आल्यात हे काटेकोरपणे करावंच लागतं. पिथियम या बुरशीची कंदकुज आणि जिवाणूजन्य मर लांबून सारख्याच दिसतात. कंदकुजीत बुंधा पाणचट होतो, हलकं ओढलं तरी खोड हातात येतं. जिवाणू मर असेल तर खोडाचा ताजा काप स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरल्यावर थोड्या वेळात दुधाळ धागे उतरतात. ही परीक्षा घरी जरूर करा, पण पक्कं निदान लॅबकडूनच घ्या. मेटालॅक्झिल हे बुरशीनाशक पिथियमवर चालतं, जिवाणूवर त्याचा उपयोग शून्य. कारण न कळता केलेल्या आळवणीचे पैसे मातीत जातात, हे बघून जीव तुटतो.

पॅकिंगचं थोडक्यात: पानं कोरड्या कागदात, ओल्या फडक्यात नाही. मुळं-माती प्लास्टिक पिशवीत, वरून पाणी न घालता. गाडीत उन्हात ठेवू नका, शुक्रवारी कुरिअर करू नका. सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) तपासायची माती कधीच वाळवायची नाही. माती परीक्षणासाठी सावलीत सुकवायची सवय इथे घात करते.

माती परीक्षण केंद्रात सामू (पीएच), क्षारता, अन्नद्रव्यं कळतात, रोग नाही. साताऱ्यात बोरगाव आणि कालवडे इथली कृषी विज्ञान केंद्रं जवळची, तिथे आधी विचारा. पिकांची संशोधन केंद्रंही आहेत: हळदीसाठी कसबे डिग्रज, उसासाठी पाडेगाव, द्राक्षासाठी पुण्याजवळचं मांजरी, डाळिंबासाठी सोलापूर. निघण्याआधी फोन करून कोणती तपासणी होते आणि फी किती, हे विचारून घ्या.

चिठ्ठी कोरी ठेवू नका. तासगाव-पलूसकडे द्राक्षाची कोवळी पानं पंख्यासारखी आकसली की व्हायरस म्हणून घाबरायला होतं. कारण कित्येकदा बांधापलीकडच्या उसात मारलेलं टू-फोर-डी तणनाशक असतं. लॅबला हे सांगितलं नाही तर ते बुरशी, व्हायरस शोधत बसणार. वाण, लागणीची तारीख, पाणी, शेजारची फवारणी, आणि रोग प्लॉटभर आहे की सखल कोपऱ्यात, एवढं लिहाच. मोबाईलवर लांबून आणि जवळून फोटोही काढा.

अहवालात काही सापडलं नाही तर रोगच नाही असा अर्थ घेऊ नका, नवा ताजा नमुना द्या. आणि आल्यात जिवाणू मर निघाली तर त्या प्लॉटचे गड्डे बेण्याला ठेवू नका, कुणाला बेणं म्हणून विकूही नका. रोग बेण्यातून पुढच्या शेतात जातो, आणि वाहत्या पाण्यातूनही, म्हणून त्या सरीचं पाणी खालच्या प्लॉटात सोडू नका.