दारूच्या सर्वेक्षणात उतरण्याआधी : ग्लास मोजायला शिका

एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राच्या पाहणीचे आकडे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. देशातल्या १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात, ५.२ टक्क्यांचं पिणं घातक किंवा अवलंबित्वाच्या पातळीवर आहे, आणि या ५.२ पैकी २.७ टक्के (तेही एकूण लोकसंख्येतलेच) पूर्ण अवलंबून आहेत. त्याआधी २०१५-१६ मध्ये निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेने १२ राज्यांत केलेल्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमधल्या दारूच्या विकारांचं प्रमाण ४.६ टक्के आलं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते की १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी १८.८ टक्के पितात. विकार किती जणांना, याबद्दल ती काहीच बोलत नाही. नवीन माणूस विचारतो, यातला खरा आकडा कोणता? प्रत्येकाचं वय वेगळं, प्रश्न वेगळे, छेदही वेगळा. एम्सच्या पाहणीत पुरुषांतलं पिण्याचं प्रमाण २७.३ टक्के आणि बायकांतलं १.६ टक्के आहे. तेव्हा तुमचा अभ्यास फक्त प्रौढ पुरुषांचा असेल, तर ५.२ हा आकडा उचलून नमुन्याचं गणित मांडणं सुरुवातीलाच चुकतं.

विकार कशाला म्हणायचं, हे प्रस्तावातच ठरवून टाका. डीएसएम-५ या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत ११ निकष आहेत. बारा महिन्यांत त्यातले कुठलेही दोन जुळले की विकार. दोन-तीन सौम्य, चार-पाच मध्यम, सहा किंवा जास्त तीव्र. आयसीडी-१० या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणात अवलंबित्वासाठी सहापैकी तीन लागतात. डीएसएमने ‘सौम्य’ ठरवलेला माणूस आयसीडीच्या मोजणीत येईलच असं नाही. माहिती गोळा करून झाल्यावर निकष बदलणं म्हणजे हवा तो आकडा निवडणं.

बहुतेक नवशिके ‘ऑडिट’ ही प्रश्नावली वापरतात. (हिशेबतपासणीशी तिचा काही संबंध नाही.) जागतिक आरोग्य संघटनेची, दहा प्रश्नांची, ० ते ४० गुणांची. ८ पासून धोक्याचं पिणं, २० पासून अवलंबित्वाची दाट शक्यता. दिसायला सोपी असली तरी घोटाळा होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात, कारण तिथे ‘ड्रिंक’ मोजायचं असतं.

एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. गणित असं : मिलिलीटर गुणिले बाटलीवरचे टक्के, भागिले १००, गुणिले ०.७८९. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलिलीटरचा पेग म्हणजे जवळपास एक ड्रिंक. १८० मिलिलीटरची क्वार्टर म्हणजे ६१ ग्रॅम, सहा ड्रिंक. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलीटरची बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, चार ड्रिंक.

आता रोज एकट्याने एक क्वार्टर संपवणारा माणूस घ्या. किती वेळा पिता? आठवड्यातून चार किंवा जास्त वेळा : ४ गुण. एका वेळी किती? सहा ड्रिंक : २ गुण. एका बैठकीत सहा किंवा जास्त किती वेळा? रोज : ४ गुण. तीन प्रश्नांतच दहा झाले. पण मुलाखतकाराने ‘एक क्वार्टर’ ऐकून ‘एक ड्रिंक’ लिहिलं तर? ४, ०, ०. त्यात या प्रश्नावलीचा नियम असा की दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची बेरीज शून्य आली की मधले पाच प्रश्न वगळून थेट नवव्यावर जायचं. म्हणजे अवलंबित्वाचे प्रश्न त्या माणसाला विचारलेच जात नाहीत, आणि तुमच्या तक्त्यात तो कमी धोक्याचा पिणारा म्हणून बसतो. विश्लेषणाच्या टेबलावर ही चूक सापडत नाही, कारण तक्ता अगदी स्वच्छ दिसतो.

म्हणून मुलाखतकाराच्या पिशवीत मोजपट्टीचा ग्लास, रिकाम्या बाटल्यांचे फोटो आणि गणिताचा तयार तक्ता हवा. क्वार्टर, हाफ, चपटी, खंबा हे शब्द ऐकले की मिलिलीटर विचारून घ्या. निपच्या बाबतीत तर हमखास. हातभट्टीवर लेबल नसतं, तिचे टक्के रोज बदलतात. तिथे ‘किती ग्लास, केवढा ग्लास’ एवढंच नोंदवा आणि तीव्रतेचं गृहीतक अहवालात उघड लिहा. क्वार्टर दोघांत वाटून पितात, हेही विचारायचं राहून जातं.

भाषांतरातही पाय घसरतो. सहावा प्रश्न रात्री खूप प्यायल्यावर सकाळी सावरण्यासाठी घेतलेल्या दारूबद्दल आहे. ‘सकाळी मद्यपान करता का’ विचारलं तर लोक नाही म्हणतात. ‘उतारा घ्यावा लागतो का’ विचारलं तर लगेच कळतं. ‘ठरवल्यापेक्षा जास्त पिता का’ हाही फसवा प्रश्न, कारण मुळात काही न ठरवणारा माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. सकाळचं डोकं जड होणं आणि दारू थांबवल्यावर हात थरथरणं, घाम फुटणं, झोप उडणं यांत फरक करायला मुलाखतकारांना वेगळं शिकवावं लागतं. भाषांतर दुसऱ्याकडून पुन्हा मूळ भाषेत उलटवून घ्या आणि वीस-तीस जणांवर घासून पाहा.

दारात गेल्यावरची अडचण वेगळीच. सकाळी अकराला पुरुष घरी नसतात आणि ‘त्यांचं मी सांगते’ म्हणणारी बायको भेटते. तिचं उत्तर घेऊ नका. संध्याकाळी आणि रविवारी मिळून तीन फेऱ्या ठेवा. मात्र प्यायलेल्या माणसाची संमती ग्राह्य नसते, म्हणून फार उशिरा जाऊनही उपयोग नाही. चाळीत आवाज भिंतीपलीकडे जातो, तिथे उत्तरांचे आकडे लिहिलेलं कार्ड हातात द्या. वर्धा, गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यात लोक पोलिसांच्या भीतीने हातचं राखून बोलतात. मुलाखतकार त्याच गावचा नको. मराठवाड्यात डिसेंबरात गेलात तर ऊसतोडीला गेलेली घरं कुलूपबंद मिळतील. आणि घरोघरच्या कुठल्याही पाहणीतून बेघर, तुरुंगातले आणि इस्पितळातले लोक सुटतातच. बऱ्याच देशांत लोकांनी सांगितलेली दारू एकूण विक्रीच्या निम्म्याच्या आसपासच भरते, त्यामागे यांतलीही काही कारणं आहेत.

नमुन्याचं गणित सोपं आहे. अपेक्षित प्रमाण ५ टक्के, चूक अधिक-उणे १ टक्का धरली तर १,८२५ माणसं लागतात. गावं-वॉर्ड निवडून पाहणी करणार असाल तर समूहरचनेचा परिणाम (एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात म्हणून नमुना किती पट वाढवायचा तो आकडा) २ धरा : ३,६५०. वीस टक्के भेटणार नाहीत असं धरलं तर सुमारे ४,५६५. एका घरातून एकच माणूस चिठ्ठीने निवडा आणि त्या घरात पात्र माणसं किती होती ते लिहून ठेवा, कारण नंतर भार (एका माणसाचं उत्तर किती जणांच्या वतीने धरायचं तो आकडा) त्यावरूनच काढायचा असतो. हे लिहायला विसरलात तर एकत्र कुटुंबांतले लोक मोजणीत कमी पडतात आणि ती चूक मग दुरुस्त होत नाही.

चाळणीचा, म्हणजे ऑडिटसारख्या प्रश्नावलीचा, निकाल म्हणजे निदान नव्हे. हजार माणसांत ५० जणांना खरंच विकार आहे, आणि चाचणीची संवेदनशीलता (विकार असलेल्यांतले किती पकडले) व विशिष्टता (विकार नसलेल्यांतले किती बरोबर सोडले) दोन्ही ९० टक्के आहेत असं धरा. ४५ बरोबर सापडतील, पण ९५ निरोगीही त्यात येतील. ५ टक्क्यांचे १४ होतात, आणि वर्तमानपत्राला असाच आकडा आवडतो. दुरुस्ती करता येते : दिसलेल्या प्रमाणात विशिष्टता मिळवून १ वजा करा, मग संवेदनशीलता अधिक विशिष्टता उणे १ ने भागा. ०.०४ भागिले ०.८, म्हणजे पुन्हा ५ टक्के. त्याहून चांगलं म्हणजे जास्त गुण आलेले सगळे आणि कमी गुणांतले थोडे निवडून त्यांची पूर्ण निदान-मुलाखत घेणं.

वीस किंवा जास्त गुण आलेल्या माणसाला ‘उद्यापासून सोडा’ असं सांगू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, क्वचित जीवही जातो. जवळचं व्यसनोपचार केंद्र आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापलेली चिठ्ठी प्रत्येकाला द्या, न पिणाऱ्यालाही. नाहीतर चिठ्ठी मिळालेलं घर गावात ओळखू येतं.

या कामात यायला डॉक्टरच असावं लागतं असं नाही. सार्वजनिक आरोग्य, संख्याशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य, सगळीकडून माणसं येतात. मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञान संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था आहेत, चेन्नईत राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, गोव्यात दारूच्या समस्यांवर समुपदेशनाची चाचणी घेणारी ‘संगाथ’. प्रवेशाची वाट न बघता सराव मात्र सुरू करता येतो. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पुरुषांची फाइल अर्ज करून मिळवा, भाराचा रकाना दहा लाखांनी भागा, प्राथमिक नमुना घटक (पहिल्या टप्प्यात निवडलेली गावं-वॉर्ड) आणि स्तर (ते ज्या गटांतून निवडले ते) सांगून आर किंवा स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या पुरुषांचं पिण्याचं प्रमाण काढा. छापील अहवालाशी ते दशांशापर्यंत जुळत नसेल, तर आधी वयाची मर्यादा तपासा; त्या फाइलमध्ये ५४ वर्षांपर्यंतचे पुरुष आहेत.