दोष चकचा नव्हता, स्टायलसचा होता

४० मिमीचा बोअर (पार्टमधलं गोल भोक), गोलाईतली चूक हवी ८ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) आत. सीएमएमवर (स्पर्श करून मापं घेणारं मशीन) येत होती ११-१२, आणि ग्राफ चक्क तिकोनी. पातळ भिंत, तीन जॉचा चक (कापताना पार्ट तीन जबड्यांत धरणारी पकड), मग चकनेच दाबून तिकोनी केला, दुसरं काय असणार? दोन दिवस ऑपरेटरला पिडलं: दाब कमी कर, सॉफ्ट जॉ (मऊ धातूचे जबडे) पुन्हा बोअर कर. आकडा हलेना.

शेवटी पार्ट सीएमएमच्या टेबलावरच फिरवून मोजला. आधी १२० अंश (मूर्खपणाच, तिन्ही उंचवटे परत तिथेच येणार!), मग ६० अंश, म्हणजे उंचवट्याच्या जागी खळगा यायला हवा. तिकोन जागचा हलला नाही. म्हणजे तो पार्टमध्ये नव्हताच.

आमच्या टच-ट्रिगर प्रोबच्या (सीएमएमचा, स्पर्श होताच माप टिपणारा भाग) आत स्टायलस (पार्टला टेकणारी काडी) तीन आधारांवर टेकलेला असतो. त्यामुळे ट्रिगर होण्याआधी तो किती वाकतो हे दिशेनुसार, तिकोनी पद्धतीने, बदलतं, आणि स्टायलस जितका लांब तितका फरक जास्त. आधीच्या जॉबचा ७५ मिमीचा बारीक स्टायलस तसाच राहिला होता. बोअर खोल जेमतेम २० मिमी!

३० मिमीचा, जाड दांड्याचा लावला, मास्टर बॉलवर (अचूक मापाचा गोळा) कॅलिब्रेट केला, आधी रिंग गेज (अचूक गोल भोकाची कडी) मोजून खात्री केली. मग पार्ट: ५ मायक्रॉन.

ऑपरेटरला चहा पाजला. वडापावही मागितला त्याने.